दोन हातांनी धरलेले सुकाणू

दोन उत्तरपत्रिकांपैकी एक सावनीने सोमवारीच तपासून बाजूला ठेवली होती. दुसरी मात्र गुरुवार उजाडला तरी टेबलावरच होती. ती नेत्राची होती.

देवरूखच्या महाविद्यालयात सावनी अकरा वर्षे मानसशास्त्र शिकवत होती. मिरकरवाड्याच्या एका मच्छीमार संस्थेचे अध्यक्ष संदेश जूनमध्ये मुद्दाम तिला भेटायला आले, तेव्हा त्यांनी सांगितलेले काम तिला साधे वाटले होते. संस्थेच्या वायरलेसच्या खोलीत कायमचा माणूस नेमायचा होता. किनाऱ्यापासून दहा-बारा मैलांवर मोबाईल मुका होतो. त्यापुढे बोटींना जमिनीचा आवाज ऐकू येतो तो या खोलीतूनच. वारा बदलला, इंजिन बंद पडले, कुणाला दुखापत झाली, की बोट या खोलीशी बोलते आणि ही खोली इतर बोटींशी. सहा वर्षे ती खोली खंडू तांडेल सांभाळत होते. त्याआधीची तीस वर्षे त्यांनी स्वतः बोट चालवली होती आणि वादळातून माणसे परत आणणारा तांडेल म्हणून बंदरावर त्यांचे नाव आदराने घेतले जाई. नोव्हेंबरमध्ये त्यांच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली, तेव्हा चार दिवसांसाठी म्हणून त्यांची मुलगी नेत्रा माईकसमोर बसली, ती मासेमारीचा हंगाम संपेपर्यंत तिथेच राहिली. डोळे बरे झाले, तरी खंडू परत आले नाहीत. “आता तीच बघू दे,” एवढेच म्हणाले.

“पोरगी काम चांगलं करते, त्यात वाद नाही,” संदेश तेव्हा सावनीला म्हणाले होते. “पण अर्ज दोन आलेत. उद्या कुणी म्हणायला नको, बापाची खुर्ची पोरीला दिली. आमच्याकडं तराजू आहे तो मासळीचा, मॅडम. माणसाचा तुमच्याकडं.”

सावनीने चाळीस विधानांची चाचणी दिली होती. प्रत्येक विधानापुढे ‘नेहमी’, ‘कधी कधी’ किंवा ‘कधीच नाही’ यांपैकी एकावर खूण करायची. त्यावरून माणूस खंबीर, संवेदनशील, मनमोकळा की चिंतनशील, हे ठरायचे. या कामाला खंबीर माणूस हवा, असे तिनेच संस्थेला लिहून दिले होते.

पहिली उत्तरपत्रिका सर्वेशची. चोवीस वर्षांचा, इलेक्ट्रॉनिक्सची पदविका घेतलेला, बाजारपेठेतल्या एका दुकानात मोबाईल दुरुस्त करणारा सालस तरुण. त्याच्या खुणा पाहिल्या तर तो शंभर टक्के खंबीर होता.

नेत्राने सतराव्या विधानापुढे, म्हणजे ‘अडचणीच्या प्रसंगी माझे हात थरथरतात’ यापुढे, ‘नेहमी’वर खूण केली होती. ‘वाईट काही घडण्याआधीच माझ्या मनात त्याचे चित्र उभे राहते’, नेहमी. ‘मी इतरांइतकी धीट नाही’, नेहमी. आणि कागदाच्या तळाशी, जिथे काहीही लिहायचे नव्हते तिथे, स्वच्छ अक्षरात लिहिले होते : मी भित्री आहे. खरे लिहायला सांगितले होते म्हणून लिहिले.

या शेवटच्या ओळीपाशी सावनी तीन दिवस अडली होती. नोकरीच्या चाचणीत माणसे स्वतःला थोडी उजळून घेतात, हा तिचा अनुभव. ही नोकरी आपल्याला हवी आहे, असे अर्जात लिहिणारी मुलगी ती हातची जाईल हे ठाऊक असूनही असे वाक्य लिहिते. भित्र्या माणसाला हे जमते का?

दुपारी संदेशचा फोन आला. “मॅडम, नेत्राने चिठ्ठी दिली. नाव मागे घेते म्हणते. शनिवारी बैठक आहे. तुमचा कागद आला की तिची चिठ्ठी त्याला लावतो नि सर्वेशचं नक्की करतो.” मग आवाज खाली गेला. “वाईट वाटतंय हो. पण तीच नको म्हणते तर काय करणार?”

“चिठ्ठी शनिवारपर्यंत तुमच्याजवळच ठेवा,” सावनी म्हणाली. “मी उद्या येते.”

शुक्रवारी सकाळच्या एसटीने ती रत्नागिरीला उतरली आणि रिक्षाने मिरकरवाड्याला गेली. मासेमारी बंदीचे दिवस होते. निळ्या प्लास्टिकखाली झाकलेल्या बोटी एकमेकींना खेटून उभ्या होत्या आणि शेडमध्ये जाळी पसरून माणसे फाटके धागे ओढून पाहत होती. लिलावाची जागा धुऊन काढल्यासारखी रिकामी होती. संस्थेच्या कार्यालयावरच्या छोट्या खोलीत नेत्रा वायरलेसचा संच उघडून ब्रशने त्यातला खारा पांढरा थर साफ करत होती.

सावनीला पाहून ती उठली आणि तिने खुर्ची पुसली. “बसा मॅडम. तुम्ही कशाला एवढ्या लांब आलात? माझं काय ते मी लिहून दिलंय.”

“नाव मागे घेतलंय, तरी संच साफ करते आहेस?”

“एक तारखेला बोटी जाणार. जो कुणी बसेल त्याला आवाज नीट यायला नको का?”

सावनी हसली. “मला एकच विचारायचंय. भित्री कशावरून?”

नेत्राने ब्रश खाली ठेवला. सांगावे की नाही, असा प्रश्न तिला पडलेला दिसला नाही. कसे सांगावे, एवढाच पडला असावा. “नोव्हेंबरमध्ये एकदा दुपारीच वारा उठला. आपल्या अकरा बोटी बाहेर होत्या. दहांनी उत्तर दिलं. एक बोलेना. दीड तास बोलली नाही. शेवटी आली. बॅटरीची तार तुटली होती, दुसरं काही नाही. ती आत आल्याचं कळलं नि माझे हात असे उडायला लागले की माईक जाग्यावर लावता येईना. मग खाली मोरीत जाऊन उलटी केली. बाबा तीस वर्षं समुद्रावर होते, मॅडम. त्यांचा हात हललेला कुणी बघितला नाही. अकरा बोटींत सत्तर-ऐंशी माणसं असतात. ती असल्या हातात द्यायची?”

“त्या दिवशीची नोंदवही आहे?”

नेत्राने कपाटातून लांबट वही काढून दिली. प्रत्येक बोलणे वेळेसह लिहिण्याची शिस्त खंडूंनी घालून दिली होती आणि मुलीने ती मोडली नव्हती. सावनीने ते पान शोधले. ४.३० : सर्व बोटींना सूचना, वारा वायव्येचा, आत या. ४.३५ ते ४.५० : दहा बोटींची नावे, प्रत्येकीचे अंतर, माणसे, डिझेल किती. ४.५२ : ‘भगवती प्रसाद’, उत्तर नाही. ४.५५, उत्तर नाही. मग तटरक्षक दलाला फोन केल्याची वेळ. मग पुन्हा दर पाच मिनिटांनी तेच नाव आणि तेच दोन शब्द. मध्येच एक वेगळी ओळ होती : ५.२० : ‘सागरलक्ष्मी’ विचारते, शोधायला मागे वळू का. नको म्हटले. डिझेल कमी, माणसे सात. आधी आत या. आणि त्याखाली : ५.२५ : ‘रत्नदुर्ग’ व ‘मत्स्यराज’, मोठ्या बोटी, डिझेल पुरेसे. जोडीने वळण्यास सांगितले.

“‘भगवती प्रसाद’ कुणाची?”

“आमचीच,” नेत्रा म्हणाली. “दादा होता तिच्यावर. मितेशदादा. तोच तांडेल.”

सावनीने पुन्हा पान पाहिले, या वेळी मजकूर नव्हे, अक्षर. साडेचारपासून सव्वासहापर्यंतची प्रत्येक ओळ सरळ होती. आकडे एकाखाली एक, शाळेच्या वहीतल्या उदाहरणासारखे. भावाच्या बोटीचे नाव तिने सतरा वेळा लिहिले होते आणि सतराही वेळा त्याची शिरोरेघ अखंड होती. शेवटची ओळ तेवढी वेगळी होती. ६.२५ : भगवती प्रसाद आत. सहाही माणसे सुखरूप. त्यातला ‘सुखरूप’ हा शब्द ओळ सोडून खाली घसरला होता आणि शेवटचे अक्षर समासात जाऊन पडले होते.

तिने वही नेत्रासमोर फिरवली. “हात कधी थरथरले, ते इथं लिहिलंय. बघ.”

नेत्राने पाहिले. “घाणेरडं अक्षर आलंय. बाबा ओरडतील म्हणून मी ते पान दाखवलंच नाही त्यांना.”

“त्याच्या वरचं बघ.”

“वरचं काय, मॅडम? वरचं काम होतं. ते तर करायलाच लागतं.”

हे ती अगदी सहजपणे म्हणाली. जे केले ते नेत्राला स्वतःचे वाटतच नव्हते. जे वाटले तेवढेच स्वतःचे वाटत होते. वर्गात शिकवताना अशा अर्थाचे वाक्य सावनीने अनेकदा उच्चारले होते, पण असा डोळ्यांपुढचा पुरावा तिच्याकडे कधीच नव्हता.

“तुझे बाबा घरी आहेत?” तिने विचारले.

घर बंदरापासून चढावर होते. ओट्यावर हिरा, नेत्राची आई, सुकवलेल्या बोंबलांची माळ सोडवत होती. बंदरावर मासळी विकताना तिचा आवाज तीन बोटी पलीकडे जातो, असे संदेश म्हणाले होते; घरी मात्र ती हळू बोलत होती. “या मॅडम. देवरूखवरून आलात? आमच्या पोरीचं काय चुकलं काय?”

“चुकलं काही नाही. चहा मिळेल का?”

“मिळंल तर! बसा.”

खंडू आतून आले. उंच, वाकलेले, जाड भिंगांचा चष्मा. पोरीने नाव मागे घेतल्याचे त्यांना कळले होते. त्यांनी त्याविषयी तिला एक शब्दही विचारला नव्हता, हे नेत्राने वाटेतच सांगितले होते. चहा झाल्यावर सावनीने पिशवीतून चाचणीचा कोरा कागद काढला.

“खंडूदादा, तुमचीही परीक्षा घ्यायची म्हणते. एकच प्रश्न.”

“आता या वयात?” खंडू हसले. “नापास करा, दुसरं काय!”

“अडचणीच्या प्रसंगी माझे हात थरथरतात. नेहमी, कधी कधी की कधीच नाही?”

हसू थांबले. खंडूंनी हिराकडे पाहिले. हिराने हातातला बोंबील परातीत ठेवला आणि परात उगाचच सरळ केली.

“मॅडम,” ती म्हणाली, “आमच्या घरात तसं बोलत नाय. होडी बाहेर असली की भ्यायचा शब्द तोंडातून काढायचा नाय. माझ्या सासूनं पहिल्या दिवशी सांगितलं मला. आपण बोललो की दर्याला वाट गावते.”

“कुणी कुणालाच बोलायचं नाही?”

“कोणी कोणाला नाय. विचारायचं पण नाय.”

“आणि होडी आता कुठं आहे?”

खंडूंनी दाराबाहेर, उताराच्या टोकाशी दिसणाऱ्या निळ्या प्लास्टिककडे पाहिले. “हाय की. बांधलीय.” होडी वर्षातले दहा महिने बाहेर असते आणि उरलेल्या दोन महिन्यांत ती बाहेर नाही याची आठवण कुणी काढत नाही. या घरात तो शब्द उच्चारायची वेळ बहुधा कधी आलीच नव्हती. मग त्यांनी दोन्ही तळवे मांडीवर उताणे ठेवले.

“नेहमी,” खंडू म्हणाले. “लिवा. नेहमी.”

नेत्राने मान वर केली.

“माझ्यासारखं सुकाणू धरायचं म्हणून नवीन पोरं शिकतात, मायत हाय? दोन हातांनी, असं छातीशी. मितेश पण तसंच धरतो. खंडू तांडेलाची पद्धत म्हणतात तिला. पद्धत कसली! एका हातानं धरलं असतं तर दुसरा हात हलताना दिसला असता ना खलाशांना. ते घाबरले की संपलं. म्हणून दोन्ही हात सुकाणवाला लावून ठेवायचो. धक्क्याला लागेपर्यंत सोडायचो नाय. लोकांना वाटलं, काय पकड हाय म्हाताऱ्याची!”

“बाबा,” नेत्रा म्हणाली.

“आणि धक्क्याला लागल्यावर?” सावनीने विचारले.

“धक्क्याला लागल्यावर जाळी उतरवायला मी कधी थांबलो नाय. तडक त्या बर्फाच्या कारखान्यामागं जायचो. का जायचो ते नका विचारू, चहा प्यायलाय तुम्ही आताच.”

हिरा पदर तोंडाला लावून हसली. हसता हसता तिचे डोळे भरले. “मला बोलला नाय कधी. पस्तीस वर्षं झाली लग्नाला.”

“तू तरी बोललीस?”

“मी काय बोलायचं? मी भांडी घासायची.” ती सावनीकडे वळली. “वारा सुटला की मी घासलेली भांडी काढून परत घासायची. ही बारकी होती तेव्हा शाळेत सांगून आली, माझ्या आईला स्वच्छतेची लय आवड हाय. बाईंनी शाबासकी दिली हिला. मी म्हटलं, असू दे. तसंच समजू देत.”

“मला अजून तसंच वाटत होतं,” नेत्रा म्हणाली. “मला वाटायचं, या घरात मी एकटीच अशी. तुम्ही सगळे दगडाचे, नि मीच कशी अशी निघाले?”

सावनीने कोरा कागद घडी करून ठेवला. समोर बसलेल्या तिघांकडे पाहताना तिला आपल्या चाचणीचे उणेपण स्वच्छ दिसले. माणूस स्वतःला मोजतो ते जवळच्या माणसांशेजारी उभा राहून. पण त्यांचे त्याला बाहेरचेच दिसते आणि स्वतःचे फक्त आतले. बापाचे हात आणि आपले काळीज अशी तुलना या मुलीने सत्तावीस वर्षे केली होती. सर्वेशही खोटे बोलला नव्हता. त्याला कधी भीती वाटली नव्हती, कारण त्याच्या आवाजाच्या भरवशावर अजून कुणी समुद्रात गेले नव्हते.

“नेत्रा,” ती म्हणाली, “तुझा कागद मी बरोबर आणलाय. बैठक उद्या आहे. तुला तो पुन्हा भरायचा असेल तर भर.”

नेत्राने कागद घेतला आणि सतराव्या विधानापाशी बोट ठेवून बराच वेळ पाहिले. हिरा तिच्या बोटाकडे पाहत होती. पोरीने त्या खुर्चीत बसावे, ही तिची इच्छा होती. बसू नये, हीही तिचीच इच्छा होती. आणि दोन्ही तिने आजवर कुणाला सांगितल्या नव्हत्या.

“हे नाही बदलत,” नेत्रा म्हणाली. “हे खरंच आहे. हात थरथरतातच.” तिने सावनीकडून पेन घेतले, कागदाच्या तळाशी आली आणि ‘मी भित्री आहे’ यावर एक सरळ रेघ ओढली. त्यापुढचे वाक्य तिने तसेच राहू दिले : खरे लिहायला सांगितले होते म्हणून लिहिले.

“आणि ती चिठ्ठी?”

“ती संदेशकाकांकडून मी जाऊन आणते. तुम्ही बोलू नका, मॅडम. मी दिली होती, मीच परत मागते.”

शनिवारी बैठकीत संदेशनी सावनीचा अहवाल दोनदा वाचला. त्यात चारपैकी एकाही प्रकाराचे नाव नव्हते. ‘खंबीर माणूस हवा’ हे आपले आधीचे मत अपुरे होते, असे तिने पहिल्याच ओळीत मान्य केले होते. सर्वेशच्या तांत्रिक ज्ञानाची मनापासून शिफारस करून त्याला संचांच्या देखभालीसाठी घ्यावे, असे सुचवले होते. आणि नोव्हेंबरच्या त्या पानाची प्रत जोडली होती.

“पण मॅडम, हिनं स्वतःच लिहिलंय की हात थरथरतात,” संदेश म्हणाले.

“हो. कधी थरथरतात ते त्या पानावर आहे. शेवटची ओळ बघा, आणि मग तिच्या आधीच्या ओळी मोजा.”

संदेशनी चष्मा कपाळावर चढवून पान डोळ्यांजवळ नेले. त्या संध्याकाळी त्यांचा पुतण्या ‘सागरलक्ष्मी’वर होता, हे सावनीला ठाऊक नव्हते. ‘डिझेल कमी, माणसे सात’ या ओळीवर त्यांचे बोट थांबले आणि तिथेच राहिले.

“सख्खा भाऊ बाहेर होता तिचा,” ते अखेर म्हणाले, “नि आमच्या पोरांना म्हणाली, आधी आत या.” त्यांनी पान सभासदांकडे सरकवले. “बघा रे. आणि बघून झालं की सांगा कोणाला काय म्हणायचंय.”

पान हातोहात फिरले आणि नेत्राचे नाव नक्की झाले.

एक ऑगस्टला बोटी निघाल्या. सकाळी आठच्या सुमारास नेत्राने नवी वही उघडली, तारीख घातली आणि एकेका बोटीला नावाने हाक मारून आवाज तपासायला सुरुवात केली. सर्वेश मागे तारा जोडत होता. उघड्या दारातून जिना दिसत होता. खंडू तिथवर आले होते, पण वर चढले नव्हते. खालच्याच पायरीवर बसून ते ऐकत होते.

“‘भगवती प्रसाद’, ‘भगवती प्रसाद’. ऐकू येतंय का?”

“एकदम साफ,” मितेशचा आवाज आला. “खारट धूळ काढलेली दिसते. बोल.”

नेत्राने अंतर विचारले, माणसे विचारली, डिझेल विचारले, आणि तिन्ही आकडे एकाखाली एक लिहिले. मग माईकचे बटण पुन्हा दाबण्याआधी ती थोडी थांबली. होडी आता बाहेर होती. बाबांच्या हातांविषयी भावाला जे सांगायचे राहून गेले होते ते आता सांगता येणार नव्हते; त्याला पुढच्या जूनपर्यंत थांबावे लागणार होते.

“दादा, सुकाणू किती हातांनी धरलंयस?”

पलीकडे इंजिनाचा आवाज तेवढा येत राहिला. “दोन,” मितेश म्हणाला. मग जरा वेळाने, सावधपणे : “का गो?”

“काही नाही,” नेत्रा म्हणाली. “तसंच धर.”